बॅरल घेताय? आधी विचारा, आत काय होतं

बेळगावात ‘बॅरल पाहिजे’ एवढंच म्हणून दुकानात शिरलं, तर दुकान कुठलं यावर हातात काय पडणार ते ठरतं. उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, हायड्रॉलिकवाल्याकडं गेलात तर तो आतून आरशासारखी घासलेली पोलादी नळी दाखवील. प्लंबिंगच्या काउंटरवरचं पोरगं बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना आटे असलेला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, तुकडा पुढं ठेवील, कारण त्याचं नावच बॅरल निपल. चावीवाला कपाटाच्या कुलपाचा गाभा काढून देईल. आणि जुन्या मालाच्या गाळ्यावरचा मामा निळ्या पिंपांच्या राशीकडं हात करून विचारील, ‘‘बुचाचं पाहिजे का झाकणाचं?’’

या परीक्षणात मुख्य माल आहे तो या मामाच्या राशीतला. बाकीच्या बॅरलांची दखल शेवटी थोडक्यात घेऊ. निपाणी, चिकोडीपासून खानापूरपर्यंत आणि पलीकडं अथणी, रायबागपर्यंत घराघरात, मळ्यात, मांडवात जे बॅरल दिसतं ते जवळजवळ सगळं वापरलेलं. नवं कोरं क्वचितच कुणी घेतं. म्हणून इथं कंपनीपेक्षा वस्तूचा पूर्वेतिहास तपासायचा असतो.

पहिली गोष्ट लिटरची. ‘बॅरल’ म्हणजे किती, याला एकच उत्तर नाही. बातम्यांत कच्च्या तेलाचा भाव ज्या बॅरलमागं सांगतात ते ४२ अमेरिकन गॅलनचं, म्हणजे सुमारे १५९ लिटरचं. हे माप पेनसिल्व्हेनियातल्या तेलवाल्यांनी १८६०-७०च्या दशकांत ठरवून घेतलं, तेव्हा तेल खरोखर लाकडी पिंपांतून जायचं. आज तेल पाइपातून आणि टँकरमधून जातं, पिंप गेलं, माप राहिलं. इंग्लंडात बिअरचं बॅरल ३६ इंपीरियल गॅलनचं, म्हणजे जवळपास १६४ लिटरचं. अमेरिकेत बिअरचंच बॅरल ११७ लिटरचं. आपल्याकडचं लोखंडी ऑइलचं पिंप या कुठल्याच मापाचं नाही. ते ५५ अमेरिकन गॅलनचं, म्हणजे २०८ लिटरचं. या लोखंडी पिंपाच्या सुरुवातीच्या इतिहासात एक गमतीचं नाव येतं: ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केलेली अमेरिकन वार्ताहर नेली ब्लाय. तिच्या कारखान्यातल्या हेन्री वेर्हान यांना १९०५मध्ये अशा पिंपाची पेटंटं मिळाली.

शब्दाचं म्हणाल तर ‘पिंप’ आपल्याकडं पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलं, आणि कानडीतलं ‘पीपायी’ त्याच घरातलं. गोवा घाटाखालीच असल्यामुळं इकडं तो शब्द सहज रुळला. आता पोरं बॅरल म्हणतात, मांडववाले ड्रम म्हणतात, म्हातारी माणसं अजून पिंपच म्हणतात. वस्तू एकच.

राशीत २०० लिटरचं म्हणून जे विकतात त्यात २००, २१०, २२० आणि २३५ अशी सगळी मापं मिसळलेली असतात. पाणी साठवायला फरक पडत नाही. शेण-गोमूत्राच्या जीवामृताला, फवारणीचं औषध कालवायला किंवा पाण्याचा हिशेब ठेवायला पडतो. घरी आणल्यावर मापाच्या १५ लिटरच्या बादलीनं एकदा भरून बघायचं आणि दर ५० लिटरला बाहेरून खूण करायची. खडूची नको, तापल्या खिळ्याचीही नको, कारण त्यानं प्लास्टिक पातळ होतं. ऑइल पेंटचा जाड पट्टा पुरतो. प्लास्टिकवर रंग फार दिवस धरत नाही, पण वर्षभर टिकतो.

राशीतून निवडताना

‘‘मामा, काय हुतं ह्यात?’’ हा पहिला प्रश्न. कानडी बोलणारा धंदेवाला असला तर ‘‘इदराग एन इत्री?’’ उत्तर ठरलेलं असतं: ‘‘तेलच हुतं की, धुतलंय.’’ या ‘धुतलंय’वर विसंबू नये. लोखंडाच्या पृष्ठभागावरचं तेल धुऊन निघतं. निळं प्लास्टिक म्हणजे एचडीपीई. ते तेलं, सुगंध आणि सॉल्व्हंट स्वतःच्या अंगात शोषून घेतं. वरून चकाचक दिसणारं पिंप उन्हात तापलं की आतला वास पुन्हा बाहेर टाकतं. अत्तराचा, लोणच्याचा, फिनेलचा वास कितीही सोडा लावला तरी पूर्ण जात नाही. वासाबरोबर तो पदार्थही पाण्यात उतरतो, हे लक्षात ठेवायचं.

गाळ्यावर नाक थेट बुचाशी नेऊ नये. आतली वाफ काय आहे माहीत नसते. हातानं हवा आपल्याकडं ओढून हुंगावं. शंका असली तर धंदेवाल्याला सांगून त्यात चार-पाच लिटर कढत पाणी घालून, बूच लावून, पिंप आडवं-उभं करून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी उघडावं. थंड पिंपात जो वास येत नाही तो असा येतो. ‘उद्या या, बघून घ्या’ म्हणणारा धंदेवाला चांगला. ‘आत्ता घ्यायचं तर घ्या’ म्हणणाऱ्याकडून फार तर गटाराची राडी भरायला पिंप घ्यावं.

मग खुणा वाचायच्या. प्लास्टिकच्या पिंपावर वरच्या बाजूला किंवा खांद्यावर उठावदार अक्षरं असतात. गोलात ‘यू’ आणि ‘एन’ (युनायटेड नेशन्स) अशी दोन अक्षरं, आणि पुढं ‘१एच१/वाय१.९/१५०’ अशा धर्तीची ओळ. १ म्हणजे पिंप, एच म्हणजे प्लास्टिक, शेवटचा १ म्हणजे डोकं न निघणारं, बुचाचं. तिथं १एच२ असेल तर झाकण निघणारं. लोखंडाला एचच्या जागी ए. ‘वाय’ म्हणजे मध्यम आणि कमी धोक्याच्या मालाला चालणारं. ‘एक्स’ असेल तर सगळ्यांत जास्त धोक्याच्या मालालाही. ‘झेड’ म्हणजे फक्त कमी धोक्याच्या. १.९ म्हणजे पाण्याच्या १.९ पट जड द्रवापर्यंत चालेल, आणि १५० हा चाचणीचा दाब, किलोपास्कलमध्ये. ही ओळ असली म्हणजे आत विष होतंच असं नाही, पण पिंप रसायनाच्या वाहतुकीसाठी बनवलंय हे नक्की.

शेजारी घड्याळासारखी एक छोटी तबकडी असते: कडेनं १ ते १२, मधे वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्यावर त्या महिन्यात पिंप तयार झालं. धोकादायक मालाच्या वाहतुकीला प्लास्टिक पिंप तयार झाल्यापासून ५ वर्षांपर्यंतच वापरायचं असा नियम आहे. पाण्याला ती अट नाही, पण ८-९ वर्षांचं पिंप उघड्या राशीत पडलेलं असेल तर उन्हानं त्याचं काम केलेलं असतं. बोट फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागली, काठ दाबल्यावर लवायच्या ऐवजी करकरला, तर सोडून द्या. असलं पिंप भरलेलं असताना तळाकडून फुटतं आणि २०० लिटर पाणी एकदम अंगणात येतं.

आणखी एक गैरसमज इथं रुजलाय. बुडाखाली त्रिकोणात ‘२’ दिसला की लोक ‘फूड ग्रेड आहे’ म्हणतात. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. खाण्याच्या तेलाच्या पिंपावर तोच २ असतो आणि ॲसिडच्या पिंपावरही तोच. खाण्याच्या मालाचं पिंप ओळखायचं ते लेबलावरून, निदान लेबलाच्या उरलेल्या चिकट कागदावरून. लेबल खरडून काढलेलं, वर नवा निळा रंग मारलेला माल दिसला तर विचारायचीही गरज नाही.

कुठून आलेलं कुठलं

बेळगावच्या राशीचं वैशिष्ट्य म्हणजे फाउंड्रीचा माल. उद्यमबाग आणि आसपासच्या ओतकाम कारखान्यांतून वाळूचे साचे घट्ट करायच्या रेझिनची, हार्डनरची, कोअर ऑइलची आणि सोडियम सिलिकेटची पिंपं बाहेर पडतात. यातलं सोडियम सिलिकेटचं पिंप धुता येतं. आत काचेसारखा पांढरा थर दिसतो, गरम पाण्यात दोन दिवस भिजवून खरवडला की निघतो. बांधकामाचं पाणी, क्युरिंग (काँक्रीट भिजवत ठेवणं), झाडांना पाणी याला ते चालतं. पिण्याला नको. फ्युरान किंवा फिनॉलिक रेझिनचं पिंप मात्र कशालाच घेऊ नये. आत काळपट-तांबडा डिंकासारखा थर असतो, वास गोडसर आणि डोळ्याला झोंबणारा. तो कितीही जाळला-घासला तरी कोपऱ्यात राहतो. हार्डनरमध्ये सल्फोनिक ॲसिड असतं; त्याच्या प्लास्टिक पिंपात पहिल्यांदा पाणी ओतताना हात-डोळे सांभाळावे लागतात, आणि एवढं करून मिळणारी वस्तू त्या त्रासाच्या लायकीची नसते. हायड्रॉलिक ऑइलचं लोखंडी पिंप त्या मानानं सोपं: आत काय होतं ते वासानंच कळतं.

खाण्याकडच्या मालात तीन जाती चांगल्या. लिक्विड ग्लुकोजचं प्लास्टिक पिंप, ३०० किलो मालाचं. ग्लुकोज पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असल्यामुळं ३०० किलो लिहिलेलं पिंप प्रत्यक्षात २१० लिटरच्या आसपासचंच असतं. मोठं समजून जास्त पैसे देऊ नका. ग्लुकोज गरम पाण्यात विरघळतो, वास मागं ठेवत नाही. या राशीतलं पाण्यासाठी सगळ्यांत चांगलं पिंप हेच. दुसरं खाद्यतेलाचं: चालतं, पण तेल खवट झालेलं असेल तर वास चिकटून बसतो. तिसरं आंब्याच्या पल्पचं लोखंडी पिंप, झाकण आणि ते आवळणारी कडी असलेलं. पल्प आतल्या सीलबंद पिशवीत असतो, पत्र्याला लागतच नाही. धान्याला याच्यासारखं दुसरं नाही.

कीटकनाशकाचं पिंप, डबा, कॅन कुठल्याही कामाला घेऊ नये. कीटकनाशक नियमावलीतही रिकामी पॅकिंगं पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून, वस्तीपासून दूर पुरून टाकायला सांगितलंय. लेबलावरच्या चौकोनात खाली रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, एवढाच अर्थ. ‘हिरवा हाय, काय हुत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकून त्यात गुरांचं पाणी भरू नये.

प्लास्टिक बुचाचं, प्लास्टिक झाकणाचं, लोखंडी

बुचाच्या पिंपाला वर दोन भोकं, बहुधा दोन्ही दोन इंची. लोखंडी असेल तर एक दोन इंची, एक पाऊण इंची. द्रव ओतताना दोन्ही उघडायची. एकच उघडलं तर हवा आत जायला वाट नसते आणि द्रव गचके खात, अंगावर उडत येतो. बूच उघडायला छिन्नी-हातोडा मारून आटे बिघडवलेली पिंपं राशीत पुष्कळ सापडतात. बुचाचा पाना फार महाग नसतो. बुचाचं पिंप तराफ्याला, वाहतुकीला आणि ऑइल साठवायला चांगलं. बंद २०० लिटरचं पिंप पाण्यात साधारण १९० किलो वजन तोलतं, पण तराफ्याला निम्म्याहून जास्त भार धरू नये, कारण भार एका बाजूला सरकला की त्या कडेची दोनच पिंपं सगळं झेलतात.

पाण्याला आणि जीवामृताला बुचाचं पिंप निरुपयोगी, कारण आत हात जात नाही, घासता येत नाही. म्हणून लोक वरचा भाग कापतात. इथं एक चूक कायमची होते: अगदी वरच्या गोलाईखाली सरळ कापलं की पिंपाचा आकार धरून ठेवणारी कडाच निघून जाते. भरलं की तोंड लंबगोल होतं, झाकण बसत नाही. कापायचंच तर वरच्या चकतीत कडेपासून दोन-अडीच इंच सोडून गोल कापावं, कड राहू द्यावी. जिगसॉ (विजेवरची बारीक करवत) असेल तर धारेला खडबडीतपणा राहत नाही. पण मुळात थोडे जास्त पैसे देऊन झाकणाचंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. झाकणाच्या पिंपात तीन गोष्टी बघायच्या: लोखंडी कडीचा खटका पुरा मिटतो का, झाकणाच्या आतलं रबर अखंड आहे का, आणि झाकण त्याच पिंपाचं आहे का. दुसऱ्याचं झाकण बसवून दिलेलं असलं तर कडी मिटते, पण एका बाजूला नख जाईल एवढी फट राहते. पाण्याला तेवढी फट डासाला पुरते, धान्याला तेवढी किड्याला.

लोखंडी पिंप रिकामं १६ ते २० किलो भरतं, पत्रा जितका जाड तितकं जास्त. भाव ठरवताना हे वजन हाताशी ठेवावं: भंगाराचा दर गुणिले वजन, ही तळाची किंमत. त्याच्या बऱ्याच वर भाव सांगितला तर मालात तेवढं काय आहे ते दाखवायला लावा. तपासायची रीत सोपी: पाऊण इंची भोकातून मोबाइलचा उजेड सोडा आणि दोन इंचीतून बघा. तळाच्या शिवणीला गंज असतो तो आतून सुरू होतो, कारण उरलेलं पाणी तिथंच बसतं. बाहेरून रंग चकाकत असला तरी तळाच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघावं. टोच पडली तर आत पोखरलंय. पोचा चालतो. शिवणीवरचा पोचा चालत नाही, तिथून गळती लागतेच. काही लोखंडी पिंपांना आतून सोनेरी-तपकिरी लाखेचा लेप असतो. तो असला तर गंज कमी, पण चूल किंवा तंदूर करायचा असेल तर आधी उघड्यावर लाकडं घालून तासभर जाळून तो लेप काढावा लागतो. नाहीतर पहिल्या भाकरीलाच धुराचा वास.

लोखंडी पिंप कापायचा विषय निघाला म्हणून सांगायलाच हवं. गॅस कटर किंवा ग्राइंडर लावण्याआधी आत काय होतं हे कळलंच पाहिजे. २०० लिटरच्या बंद पिंपात मोठा चमचाभर पेट्रोल किंवा थिनर उरलेलं असलं तरी त्याची वाफ स्फोटाला पुरते. ऑइलचं पिंप सुरक्षित वाटतं, पण कटरच्या आचेनं तळाचं ऑइलही वाफ होतं. दोन्ही बुचं काढून, सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन, कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून मगच कापावं. पाणी असलं की वाफेला जागाच कमी राहते. सॉल्व्हंटचं, रंगाचं, रेझिनचं पिंप असलं तर छिन्नीनंसुद्धा कापू नये. कापलेल्या कडेला चिरलेला रबरी पाइप बसवला की हात कापत नाही.

नळ बसवताना

सगळ्यात जास्त पिंपं इथं बिघडतात. प्लास्टिकला एम-सील, फेव्हिक्विक, सिलिकॉन काहीच नीट चिकटत नाही. एचडीपीईचा स्वभावच तसा. महिनाभर थांबल्यासारखं वाटतं, मग पापुद्र्यासारखं निघतं. गळती थांबते ती वायसरच्या दाबानं. अर्ध्या इंची टँक निपलला (नळासाठी पिंपाच्या भोकात बसवायचा आटेदार तुकडा) २२ मिलिमीटरचं, पाऊण इंचीला २७-२८चं, एक इंचीला ३४-३५चं भोक. होल सॉनं पाडावं, तापल्या सळईनं नाही. सळईनं कडेला गोळे होतात आणि वायसर त्यावर बसत नाही. निपलची चकती आणि रबर आतून, नट बाहेरून. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव ते अर्धा फेरा, जास्त नाही. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं आणि मग ‘नट आवळला तरी गळतंय’ ही तक्रार येते. टेफ्लॉन टेप कॉक बसवायच्या आट्यांवर लावायचा, चकतीखाली नाही. भोक पिंपाच्या उभ्या सपाट भागावर, तळापासून दोन-तीन इंच वर. पिंपाच्या अंगावरच्या उठलेल्या कडीवर किंवा गोलाईवर पाडलं तर चकती टेकत नाही. हात आत पोचायला झाकणाचंच पिंप लागतं, हे पुन्हा आलंच. चीर गेलेलं पिंप प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडून त्याच जातीच्या कांडीनं गरम हवेनं भरून घेता येतं. तळाला चीर असेल तर तो खर्च करू नये.

पिंपाला ठिबक जोडताना अपेक्षा माफक ठेवावी. एक मीटर उंचीच्या कट्ट्यावर पिंप ठेवलं तर दाब साधारण ०.१ बार मिळतो. ४ लिटरचा म्हणून विकलेला साधा ड्रिपर १ बारला ताशी ४ लिटर देतो. एवढ्या कमी दाबाला तो सव्वा लिटरच्या आसपास देतो, आणि पिंप रिकामं होत जाईल तसा आणखी कमी. परसातल्या २०-२५ रोपांना पुरतं, एकराला नाही.

पागोळीचं पाणी धरायला हिशेब असा: एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १२ मिलिमीटर पडला आणि पंधरा टक्के वाया गेला, तरी २०० लिटरचं पिंप भरलं. कणकुंबी, जांबोटीकडं हे पावसाळ्यातल्या एका सरीचं काम आहे, तिथं पिंपापेक्षा ओव्हरफ्लोचा पाइप महत्त्वाचा. अथणीकडं प्रत्येक सर मोजून धरावी लागते, तिथं एकाला एक जोडून तीन-चार पिंपं ठेवणं परवडतं. जोडणी तळाकडून एक इंची पाइपनं करायची, म्हणजे सगळी सारखी भरतात. पांढरट, आरपार उजेड जाणाऱ्या पिंपात आठवड्यात शेवाळ धरतं. निळ्यात कमी, काळ्यात जवळजवळ नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गल्ल्यांत पिंप पूर्ण रिकामं करायला जीव होत नाही, पण डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते. म्हणून आठवड्यातून एकदा तळ घासून कोरडं करावंच लागतं.

जीवामृताला झाकणाचं प्लास्टिक पिंप, शक्यतो २३५ लिटरचं. कृती एकरी २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती अशी. हे सगळं २०० लिटरच्या पिंपात मावत नाही. त्यात पाणी १७५-१८० लिटरच घ्यावं. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीनं ढवळायचं. झाकण कडीनं कधीच बंद करायचं नाही, आत गॅस धरतो. वर गोणपाट टाकावं. लोखंडी पिंप नको, दोन हंगामांत तळ जातो. ठिबकातून सोडायचं तर दुहेरी कापडानं गाळल्याशिवाय सोडू नये.

धान्याला झाकणाच्या लोखंडी पिंपात भात ११०-१२० किलो आणि तांदूळ दीडशे किलोच्या पुढं बसतो. धान्य कडक वाळलेलं हवं. ओलसर भात हवाबंद पिंपात घातला की झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि वरचा थर काळा पडतो. पिंप जमिनीवर न टेकवता दोन फळ्यांवर ठेवावं, म्हणजे खालून गंज चढत नाही.

बाकीची बॅरलं

जीआय बॅरल निपल घेताना आटे बघा. स्वस्त मालात आटे उथळ असतात, तीन-चार फेऱ्यांतच अडतात. पाच-सहा फेरे हातानं जावेत. जीआय पाइपावर पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम, लाल जड दर्जाचा. घराला निळा पुरतो. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनंच गुंडाळावा, उलटा गुंडाळला की बसवताना उलगडून बाहेर येतो.

ट्रॉलीच्या जॅकचं बॅरल बदलायचं असेल तर आतून नख फिरवून बघा. नखाला ओरखडा लागला तर ते बॅरल नवं सील खाणारच. फक्त सील बदलून महिन्याभरात परत येण्यात अर्थ नाही. तिथं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) किंवा तशी घासलेली नवी होन्ड ट्यूब. ओरखड्याचं कारण बहुतेक वेळा ऑइलमधलं पाणी किंवा वाळू. ते न काढता बॅरल बदललं तर खर्च वाया. ऑइलची पिंपं उघड्यावर ठेवणाऱ्यांनी इथंच लक्ष द्यावं: उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं, रात्री पिंप थंड झालं की बुचातून ते आत ओढलं जातं. पिंप आडवं ठेवावं, दोन्ही बुचं आडव्या रेषेत, घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी, म्हणजे आतून ऑइलनं झाकलेली राहतात.

कुलपाच्या बॅरलमध्ये खोबरेल किंवा मशीन ऑइल घालू नये, धूळ बसून चावी अडते; पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. दाराच्या कडीला इंग्लंडात बॅरल बोल्ट म्हणतात, आपल्याकडं ती टॉवर बोल्ट, तेव्हा दुकानात बॅरल मागू नका. बंदुकीचं बॅरल आपल्या भाषेत नळीच, आणि दोन असली की दुनळी.

पिंपं टेंपोतून नेताना रिकामी आहेत म्हणून मोकळी टाकू नयेत. आडवी टाकली तर प्रत्येक वळणावर गडगडतात आणि काठ फुटतात. उभी ठेवून एकच दोर सगळ्यांभोवती फिरवून बांधावीत. झाकणं आणि कड्या वेगळ्या पोत्यात घालाव्यात आणि मोजून घ्याव्यात, कारण सुटी कडी नंतर मागायला गेलात तर त्याच मापाची सहसा सापडत नाही.